बोटानं लागलेला दिवा

हे लिहायचंच नाही असं गिरीराजनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. दोनदा टायपायला बसला आणि दोनदा सगळं पुसलं. लिहिण्यासारखं त्यात होतं काय? कुणी मेलं नव्हतं, कुणी कुणाला सोडून गेलं नव्हतं. रविवारी सकाळी साडेदहाला, चामराजपेटेतल्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, एका काळ्या डब्यावरचा नखाएवढा तांबडा दिवा लागला होता आणि त्याचा मित्र मोहनकुमार कन्नड सवयीनं म्हणाला होता, "सरी, ठीक. वाजतंय." एवढंच. पण वाजत काहीच नव्हतं.

स्क्रीनवर ओळ आली होती की फाईल उघडत नाही. गाणं सुरूच झालं नव्हतं. मोहननं नेहमीसारखी हेडफोनची एक वाटी डाव्या कानावर दाबून धरली होती, दुसरी मागं सरकवलेली. बटण दाबलं, दिवा लागला, आणि दिव्याकडं बघत तो मान हलवायला लागला. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. पायाचा अंगठासुद्धा चालत होता. गिरीराजला आधी वाटलं हा गंमत करतोय. मोहनची ती सवयच होती, तोंड न हलवता चेष्टा करायची. म्हणून तो हसायच्या तयारीत थांबला. पण मोहन थांबला नाही. गल्लीत कल्हईवाल्याची हाक येत होती, खालच्या मजल्यावर वडलांचं शिलाई मशीन चालत होतं, आणि या खोलीत एक माणूस न वाजणाऱ्या गाण्यावर ताल धरून बसला होता.   गिरीराजनं पटकन स्क्रीन आपल्याकडं वळवला आणि म्हणाला, हो, वाजतंय.

हे 'हो' त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्याला अजून कळलेलं नाही.

डबा मोहननंच आणला होता. ब्रिगेड रोडजवळचा कुठलासा पब बंद पडला, तिथलं सामान निघालं, त्यात हा होता. आठ स्लायडर, सोळा बटणं, प्रत्येक बटणाच्या पोटात एक दिवा. परदेशी माल, स्टुडिओत वापरायचा. मोहनची 'श्री तुळजाभवानी साउंड्स' म्हणजे दोन उभे स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, दोन टेपडेक आणि तो स्वतः. इथल्या आपल्या मराठी लोकांची लग्नं, मुंजी, सत्यनारायण, गल्लीचा गणपती, सगळीकडं मोहन. आणि गिरीराज कॉलेजात न जाता पुस्तकं आणि मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या यांच्यावर शिकलेला, शिवाजीनगरात शेषगिरींच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत नोकरीसाठी तीनदा जाऊन आला होता. तिन्ही वेळा गेटवरच डिग्री विचारली. तर मोहन तो डबा मांडीवर घेऊन ऑटोतून उतरला आणि पहिलं वाक्य काय बोलला? आवाज कसा आहे नाही, गाणी किती मावतात नाही. म्हणाला, "मगा, लेका, हे दिवे लागतात काय बघ." टेपला कोण विचारतंय आता, कॉम्प्युटरवर वाजवायचं, असं पण म्हणाला, पण ते नंतर. गिरीराजला तेव्हा वाटलं, याला लायटिंगची हौस. आता आठवलं की कानशिलं गरम होतात. गेल्या वर्षभरात मोहनच्या टेपचं दोनदा चुकलं होतं. एका बारशाला पाळण्याच्या गाण्याऐवजी मधूनच दुसरंच सुरू झालं, आणि लोक म्हणाले मोहन हल्ली पितो की काय. मोहननं ते ऐकून घेतलं होतं. खोडून काढलं नव्हतं. पितो म्हटलेलं चाललं त्याला.

दिवे लागेनात. डब्याची रीतच अशी होती की बटण दाबलं म्हणून दिवा लागत नाही. बटण दाबलं की डबा कॉम्प्युटरला एक आकडा पाठवतो, म्हणजे हाक मारतो. कॉम्प्युटरनं तोच आकडा परत पाठवला तर दिवा लागतो. दिवा म्हणजे 'ओ'. अकरा दिवस गिरीराज हाका मारत बसला आणि ओ येईना. मग शेषगिरींनी दुकानात वायरींचा गुंता सोडवता सोडवता विचारलं, किती केबल लावल्यास? एक, म्हणाला. त्यावर ते इतके हसले की चहा नाकात गेला. जाणारी वायर वेगळी, येणारी वेगळी. नुसतं बोलायचं तोंड लावून ठेवलंस, कान कोण लावणार, तुझा मामा? त्यांच्या कन्नडमधे ते आणखी झणझणीत होतं. दुसरी केबल लावली. तरी ओ नाही. कारण गाणी मिसळायला त्यानं घेतलेला प्रोग्रॅम. लिनक्सवरचा, फुकटातला, ज्याचा सगळा कोड उघडा असतो, कुणीही आत शिरून बदल करावा. त्याला हा डबा माहीतच नव्हता. जर्मनीतल्या कुणा माणसानं तो लिहिला होता. गिरीराजनं दुकानातल्या कनेक्शनवरून त्याला आपल्या मोडक्या इंग्रजीत मेल पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर. ओळखदेख नसताना त्या माणसानं पानभर लिहिलं होतं, पण मुद्दा एकच. दिवा बोटाच्या भरवशावर लावू नकोस, गाण्याच्या भरवशावर लाव. बटण दाबलं गेलं हे बोटाला माहीतच असतं, दिव्यानं सांगायचं ते पुढचं.

गिरीराजला राग आला होता. खरं तर त्याला कोडमधे तेवढं खोल शिरता येत नव्हतं. जिथं गाणं चालतं तो भाग त्यानं उघडून बघितला आणि परक्या गावात बस चुकल्यासारखं झालं. म्हणून त्यानं दारातच काम उरकलं. जिथं बटणाचा आकडा आत येतो तिथंच दोन ओळी टाकल्या. आलेला आकडा बघायचा नाही, विचारायचं नाही, सरळ परत पाठवायचा. सोळाच्या सोळा दिवे लागले. मोहन कितीतरी वेळ एकेक बटण दाबत बसला होता. डोळ्यांत पाणी. गिरीराजनं तेव्हा त्याची थट्टा केली, अरे दिवाळी आली काय?

आणि आता तोच दिवा 'हो' म्हणाला होता, आणि त्यावर मोहन 'सरी' म्हणाला होता, आणि त्यावर गिरीराज 'वाजतंय' म्हणाला होता. तिघांपैकी एकानंही काही ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस गिरीराज कसा वागला ते सांगायला त्याला लाज वाटते. त्यानं मोहनची परीक्षा घेतली. एकदा नाही, चार-पाच वेळा. मागून हळू हाक मारायची. डाव्या बाजूनं चालायचं आणि काहीतरी वेडंवाकडं बोलायचं, तुझ्या स्कूटरला आग लागली, असलं. मोहन मान हलवायचा, "हां हां, सरी." उजव्या बाजूनं बोललं की नीट उत्तर द्यायचा. आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली, जी वर्षभर डोळ्यासमोर होती. मोहन बसमधे नेहमी डावीकडची खिडकी धरतो. हॉटेलात भिंतीला डावा खांदा लावून बसतो. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो, डोळ्यांकडं नाही. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे हसतो. पूर्वी एवढा हसायचा नाही तो. लोक हसले की अर्धा क्षण उशिरा हसतो. गिरीराजला वाटायचं, याचा स्वभाव गोड व्हायला लागलाय.

हे सगळं कधीपासून, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. विचारायची गरज नव्हती.

सत्त्याण्णव सालचा गणपती. दुपारचे चार. मांडवात मूर्ती अजून यायची होती, रस्त्यावर शेणाचा सडा आणि झेंडूच्या पाकळ्या. मोहन डाव्या स्पीकरसमोर गुडघे टेकून बसला होता, वरच्या भोंग्याला कान लावून, कारण तो भोंगा मधेच मरायचा. "स्वल्प दे," असं त्यानं हात वर करून सांगितलं. गिरीराज मिक्सरपाशी होता, पण समोरच्या बाजूला नाही. समोर केळीचे खांब ठेवले होते, म्हणून मागून वाकून त्यानं हात घातला. मागून बघितलं की सगळं उलटं असतं. स्लायडर आपल्याकडं ओढला की आवाज कमी होतो, हे हाताला पाठ. पण मागून ओढलं की वाढतो. माईक उघडा होता. जी किंचाळी उठली ती अजून त्याच्या दातांत आहे. आणि घाबरून त्यानं स्लायडर आणखी ओढला. आपल्याकडं. आणखी. तीन सेकंद असतील, चार असतील. कावळे उडाले, समोरच्या घरातलं मूल रडायला लागलं. मोहन मागं आडवा पडला होता, तळहात कानावर, आणि हसत होता. हसत होता हे गिरीराजला नक्की आठवतं, कारण त्या हसण्यावरच तो दोन वर्षं जगला. लोक धावले. काय झालं, काय झालं? गिरीराज म्हणाला, वायर लूज होती. सगळे म्हणाले, हो, वायर लूज असणार. मोहन काही बोलला नाही. संध्याकाळी आरतीला त्यानं नेहमीसारखं वाजवलं.

चूक ही नाही. चूक कुणाच्याही हातून होते. 'वायर लूज होती' हे पाच शब्दांचंही नसलेलं वाक्य, ते गिरीराजला बाधलं. वायरीला जीभ नसते.

आणि नेमकं तेव्हाच घरात दिव्यश्रीचं लग्न आलं. गिरीराजची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. नव्याण्णवचा मे, चामराजपेटेतलीच चौल्ट्री, म्हणजे कार्यालय, सकाळचा मुहूर्त. आई, सोयराबाई, यादी करत बसली होती आणि नादस्वरमवाले मिळत नव्हते. त्या दिवशी गावात इतके मुहूर्त की सगळे पथकवाले अडकलेले. आई म्हणाली, मोहन आहे की, त्याला सांग गट्टीमेळ टेपवर लावायला.

गट्टीमेळ म्हणजे इथल्या लग्नाचा प्राणच. आपल्या लोकांना इथं येऊन साडेतीनशे वर्षं झाली, मंगलाष्टकं आपली राहिली, अंतरपाट आपला राहिला, पण हे इथलं घेतलं. नवरा मंगळसूत्र बांधायला हात वर करतो, भटजी बोट उंचावून 'गट्टीमेळ' म्हणून ओरडतात, आणि त्या क्षणी ढोल-नादस्वरम सगळं एकदम कडकडून वाजलं पाहिजे. का, तर तेवढ्यात कुणी शिंकलं, कुणाच्या तोंडून वाईट शब्द गेला, कुठं काही फुटलं, तर ते वधूच्या कानावर पडू नये. त्या क्षणी शांतता पडली तर बायका वर्षानुवर्षं तो विषय काढतात. अमकीच्या वेळी मेळ वाजला नाही, बघा काय झालं तिचं.

गिरीराजच्या तोंडावर आलं होतं, आई, मोहनला नको सांगू. कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण एकदा या घरातून बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेटेत. कानानं बहिरा साउंडवाला. मोहनला कोण बोलावणार? त्याची आई आणि तो, दोघं त्या स्पीकरांवर जगतात. म्हणून तो गप्प बसला, आणि आई म्हणाली, तोंड का पाडून बसलास, तुझंच तर कौतुक होणार, माझ्या लेकानं कॉम्प्युटरवर मेळ वाजवला म्हणून सांगेन सगळ्यांना.

दहा दिवस होते. तो कोडमधे शिरला. ज्या भागाला भिऊन दारातून परतला होता तिथं आता मुक्कामच ठोकला. सकाळी दुकानात जायच्या आधी दोन तास, दुपारी शेषगिरी जेवायला गेले की एक तास. एक ओळ बदलायची, चालवून बघायचं, कोसळायचं. त्यानं दिवा बोटापासून तोडला. गाण्याला जोडला. म्हणजे असं, की बटण दाबल्यावर दिवा अंधाराच राहणार. आतून खरोखर आवाज बाहेर जायला लागला, तो मोजता आला, तरच दिवा. आवाज थांबला की दिवा विझला. जर्मनीतल्या माणसाला पण एवढं नको होतं, त्यानं नुसतं 'गाणं चालू आहे का' एवढंच बघायला सांगितलं होतं. पण गिरीराजला आता कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता, प्रोग्रॅमच्यासुद्धा. आवाज आहे? दाखव. नाही? मग गप्प.

काम करताना बरं वाटायचं. हात धुतल्यासारखं. पण खुर्चीतून उठलं की दुसरंच वाटायचं. हे दिवे म्हणजे तू त्याला कान करून देतोयस, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, कान नाही, पदर. तू त्याला पदराखाली घालतोयस. जितके चांगले दिवे तितका तो जास्त दिवस लपणार. जितका लपणार तितका त्या स्पीकरांशेजारी उभा राहणार. उजवा कान आहे अजून, तो पण तिथंच. आणि दिवे केले नाहीत तर? तर दिव्यश्रीच्या लग्नात, चारशे लोकांत, उघडा पडणार. एकदा दुपारी बसस्टॉपवर उभं असताना हे गणित सोडवता सोडवता त्याच्या तीन बस गेल्या. तेव्हा त्याला कळलं की या दोन्ही मनांत एक गोष्ट तो सोयीनं विसरतोय. मोहनशी बोलणं. ते तिसरं आहे, ते कुठल्याच बाजूला मोजलेलं नाही. पण बोलायचं म्हटलं की सुरुवात भोंग्यापासून करावी लागणार होती.

लग्नाच्या सकाळी कॉम्प्युटर टॉवल गुंडाळून ऑटोतून चौल्ट्रीत नेला. मोहन पांढरा शर्ट घालून आलेला, केसांना तेल. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबल मांडलं. गिरीराजनं त्याला सांगितलं, उजव्या बाजूला उभा राहून, की आता दिवा बोटानं लागणार नाही, वाजलं तरच लागेल. मोहननं त्याच्याकडं एकदा बघितलं. जरा जास्त वेळ. मग म्हणाला, "बरं केलंस."

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट निघाला. दिव्यश्रीची मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर. भटजींनी बोट उचललं, 'गट्टीमेळ'. मोहननं पहिलं बटण दाबलं. दिवा लागला नाही. गिरीराज दहा हातांवर अक्षता घेऊन उभा होता, त्याला दिसलं. कॉम्प्युटर कुठंतरी अडकला होता. एक क्षण. सगळ्या चौल्ट्रीवर ती शांतता उतरायला लागली होती, एका बाईनं वर बघितलं पण. जुना दिवा असता तर या क्षणी लागला असता, आणि मोहन मान हलवत बसला असता. पण दिवा अंधारा होता, आणि मोहननं अंधार वाचला. बोट सरळ दुसऱ्या बटणावर. तिथं तेच रेकॉर्डिंग तयार ठेवलं होतं. मेळ फुटला. ढोल, नादस्वरम, झांजा, कानठळ्या. तांबडा दिवा. अक्षता उडाल्या. गिरीराजच्या हातातल्या हातातच राहिल्या. त्याला रडू येत होतं आणि तो बहिणीच्या लग्नात रडणारा भाऊ म्हणून खपून गेला.

तिथंच थांबलं असतं तर त्यानं हे लिहिलं नसतं.

मेळानंतर सनई लावायची होती, आहेर आणि आशीर्वाद चालू असताना हळू वाजणारी. मोहननं लावली. त्या सनईत मधे वादक दम घेतो. चांगला लांब दम, आलाप संपवून, तीन-चार सेकंद. एवढ्या वेळात दिवा विझला. कारण गिरीराजनं त्याला तेवढंच शिकवलं होतं, आवाज नाही तर दिवा नाही. गाणं मेलंय की गाणं श्वास घेतंय, हे दिव्याला सांगता येत नव्हतं. मोहनला वाटलं पुन्हा अडकलं. त्यानं तत्परतेनं दुसरं बटण दाबलं. दुसरीकडं मेळच होता. आणि तोपर्यंत वादकाचा दम झाला. सनई परत सुरू. दोन्ही दिवे तांबडे. आणि चौल्ट्रीत ढोल आणि सनई, एकमेकांच्या झिंज्या धरल्यासारखे, वेगळ्या सुरात, वेगळ्या लयीत. म्हातारे कान धरायला लागले. पोरं ओरडायला लागली. वसुमतीमावशी, जिला कुणी बोलायला लावावं लागत नाही, ती म्हणाली, "दोन-दोन गाणी कशाला गं सोयरा, नवरा तर एकच आणलायस ना?" आणि हशा पिकला.

आणि त्या हशात मोहन हसला. अर्धा क्षण उशिरा. हातानं ताल धरलेला, नजर दोन्ही दिव्यांवर, चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान. गिरीराज धावला तरी टेबलापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते त्याला सांगता येणार नाही. वाटेत त्यानं बघितलं की आई मोहनकडं बघतेय. हसत नाहीये. आईला कळलं होतं. बाकी कुणाला नाही, पण आईला. त्यानं स्लायडर खाली ओढला. या वेळी समोरून. मोहननं दचकून वर बघितलं, 'काय?' असं नुसत्या भुवयांनी.

वडील आले, दोघं-तिघं काका आले, भटजी कपाळाला आठ्या घालून बघत होते. गिरीराज मोठ्यानं म्हणाला की माझ्या प्रोग्रॅमची चूक आहे, मोहनचा काही संबंध नाही. सगळ्यांनी लगेच मान्य केलं. कॉम्प्युटर म्हटल्यावर चूक होणारच, टेप बरी होती, असं म्हणून ते पंगतीकडं गेले. आणि ते खरंच होतं, त्याचीच चूक होती. तरी बोलताना त्याला तीच जुनी चव तोंडात आली. वायर लूज होती, तीच. खरं बोलूनही.

जेवणं झाल्यावर चौल्ट्रीच्या मागच्या अंगणात दोघं वायरी गुंडाळत बसले. केळीची पानं टाकायच्या ढिगाकडं गाई आल्या होत्या, आणि हातपंपावर बायका घागरी भरत होत्या. गिरीराज उठून त्याच्या उजवीकडं जाऊन बसला. मोहननं ते बघितलं, आणि वायर गुंडाळायची थांबवली.

"दोन्ही वाजत होती?" मोहननं विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"बराच वेळ."

मोहननं वायरीचं टोक बोटाभोवती फिरवलं. मग म्हणाला, "लोक हसले ते दिसलं मला. मला वाटलं नवऱ्यानं कायतरी केलं."

गिरीराजला वाटलं होतं की बोलायला सुरुवात केली की शब्द आपोआप येतील. आले नाहीत. त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गणपती. केळीचे खांब. मागून घातलेला हात. आपल्याकडं ओढलेला स्लायडर, परत ओढलेला. वायर लूज नव्हती. हे सगळं तो जमिनीकडं बघून बोलत होता आणि मधेच त्याच्या लक्षात आलं की मोहनला तोंड दिसलं पाहिजे, म्हणून त्यानं मान वर केली, आणि शेवटचं वाक्य मोहनच्या डोळ्यांत बघून बोलावं लागलं.

"ठाऊक आहे," मोहन म्हणाला. "तुझा हात बघितला होता मी. खाली पडलो तरी डोळे होते की."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू परत माझ्या कुठल्या बटणाला हात लावला असतास? पळून गेला असतास तू. तुझा स्वभाव काय मला माहीत नाही?" त्यानं वायरीचा वेढा खांद्यावर टाकला. "आधी राग होता. सहा महिने होता. मग म्हटलं, राग धरून कान येणार नाही. कॉम्प्युटर येणारा एकच माणूस आहे आपल्याकडं."

डॉक्टरकडं जाऊन आला होता तो, एकटाच, आईला न सांगता. डावा गेला. उजवाही हळूहळू चाललाय. स्पीकरपासून लांब राहा म्हणाले. मोहन हे असं सांगत होता जसं कुणा तिसऱ्याच्या स्कूटरचं सांगावं. गिरीराज म्हणाला, मग रहा की लांब, सोड हे. शेषगिरींना सांगतो, दुकानात कायतरी बघू. मोहन हसला. या वेळी वेळेवर हसला.

"दुकानात बसून काय करू? कीबोर्ड पुसू? मला हेच येतं रे. आणि उजव्यानं येतंय अजून. सनई आली मला, आधीची. तो दम घ्यायच्या आधीची. मग नुसता गोंगाट." तो थांबला. गाईनं पान ओढल्याचा आवाज झाला, तो त्याला आला की नाही कळलं नाही. "मला भीती कसली आहे सांगू? उजवा जाईल, ते असो. पण जाईल ते मला कळणार नाही. आज नाही कळलं तसंच. दिवे लागतील, मी मान हलवत बसेन. लोक सांगणार नाहीत. तुझी आई आज बघत होती, पण सांगितलं काय तिनं? ताटात जिलेबी जास्त वाढली. माझी आई पण सरी सरी म्हणेल. सगळे मिळून मला मांडवात बसवून ठेवतील आणि माझ्यामागं बोलतील."

गिरीराजनं तोंड उघडलं. मोहननं हात वर करून त्याला थांबवलं.

"दिवे नीट कर. तो दम घ्यायचा घोळ काढ त्यातला. पण नीट केलेस म्हणून तू सुटला नाहीस. मला वचन दे. ज्या दिवशी माझा उजवा गेला, आणि तुला कळलं, मला नाही, त्या दिवशी तू सांगायचं. माझी दया येईल तुला, तरी सांगायचं. प्रोग्रॅमची चूक म्हणायचं नाही."

उन्हं हातपंपापर्यंत आली होती. आत दिव्यश्रीला घेऊन निघायची घाई चालली होती, कुणीतरी गिरीराजच्या नावानं ओरडत होतं. पाठवणीला भाऊ लागतो. तो उठला नाही. त्याला आतून ठाऊक होतं की हे वचन पाळायचा दिवस येणार आहे, या वर्षी नाहीतर पुढच्या, आणि त्या दिवशी तो आधी काहीतरी कारण शोधेल. त्यानं मोहनचा चेहरा हनुवटीला धरून स्वतःकडं वळवला, लहान पोराचा वळवावा तसा, म्हणजे ओठ दिसतील.

"सांगेन," तो म्हणाला. "सगळे दिवे आधी मी विझवेन, आणि मग तुझ्या तोंडावर सांगेन. त्या दिवशी तू मला मारलंस तरी."